खाऱ्या वाळूतलं सोनं आणि आमचा डिटेक्टर

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला आठवते ती मॉलच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या दारातली चौकट. आपण त्यातून जातो, ती 'पीं' करते, वॉचमन काका न बघताच "चला पुढे" म्हणतात आणि आपण जातो. पण याच यंत्राची एक दुसरी जात आहे. लांब दांडा, खाली थाळीएवढी कॉइल, कानाला हेडफोन. परदेशात बरीच मंडळी छंद म्हणून हे घेऊन समुद्रकिनाऱ्यावर फिरतात आणि लोकांच्या पडलेल्या अंगठ्या, नाणी, साखळ्या शोधतात. ऐकायला सोपं वाटतं ना? कोरड्या वाळूवर ते खरंच सोपं आहे. पण भरतीचं पाणी जिथपर्यंत येऊन गेलंय तिथे पाऊल टाकलं, की चांगलं महागडं यंत्रसुद्धा सबमिशनच्या आदल्या रात्रीच्या थर्ड इयरवाल्यासारखं बडबडायला लागतं. कारण नसताना पीं पीं पीं!

असं का होतं, त्यावर काय उपाय आहे, आणि आमच्या ई अँड टीसीच्या चार जणांच्या ग्रुपने यंदा या भानगडीत पडून काय शिकलं, ते सांगण्यासाठी हा लेख. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' हा शब्द मला मराठी विभागाच्या संपादकांनी शिकवला. तो एकदा लिहून झाला. आता पुढे मी आपली इंडक्शनच म्हणणार!

यंत्र चालतं कसं?

कॉइलमधून बदलता करंट सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्या तुकड्यात गोल गोल फिरणारे करंट सुरू होतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे करंट स्वतःचं छोटंसं क्षेत्र तयार करतात आणि ते दुसऱ्या एका कॉइलने पकडायचं. झालं, एवढंच तत्त्व.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले होते. त्यांना गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला आणि डॉक्टरांनी फक्त उजवीच बाजू तपासू दिली, अशी कारणं सांगितली जातात. गारफिल्ड १९ सप्टेंबरला वारले. म्हणजे 'आजूबाजूच्या नको त्या वस्तूचा सिग्नल' ही या यंत्राची जन्मजात डोकेदुखी आहे. बेलसाहेबांना स्प्रिंगा नडल्या, आम्हाला अरबी समुद्र.

दुसरी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. छोट्या वस्तूपर्यंत जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, आणि परत येतानाही घनानेच. म्हणजे एकूण सहावा घात! अंतर दुप्पट केलं की सिग्नल ६४ पटींनी कमी. त्यामुळे 'दहा फूट खोल खजिना शोधा' अशी जाहिरात दिसली तर पाकीट खिशातच ठेवा. नाण्याएवढी वस्तू साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंत मिळाली तर यंत्र उत्तम म्हणायचं.

पाणी सिग्नल पितं का?

आमच्या ग्रुपमध्ये पहिला वाद यावरच झाला. सगळ्यांचं म्हणणं होतं की खारं पाणी कंडक्टर आहे, म्हणून ते सिग्नल शोषून घेतं आणि खालची वस्तू दिसत नाही. ऐकायला एकदम बरोबर. पण आकडेमोड करून बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची कंडक्टिव्हिटी मीटरला साधारण ५ सीमेन्स भरते. आपल्या सेकंड इयरच्या स्किन डेप्थच्या सूत्रात हे घाला. १० किलोहर्ट्झला उत्तर येतं सव्वादोन मीटरच्या आसपास. आपली वस्तू आहे वीतभर खाली. म्हणजे तेवढ्या अंतरात पाणी सिग्नल जवळजवळ पीतच नाही!

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की पाणी स्वतःच 'वस्तू' बनतं. तांब्याशी तुलना केली तर समुद्राचं पाणी एक कोटी पटींहून जास्त कमजोर कंडक्टर आहे. पण अंगठी असते चार ग्रॅमची, आणि कॉइलखाली ओल्या वाळूचा अख्खा ढीग असतो. त्या सगळ्या ढिगात बारीक बारीक एडी करंट फिरतात आणि त्यांची बेरीज अंगठीच्या सिग्नलला सहज झाकून टाकते. हा सिग्नल कायम सारखाच राहिला असता तर वजा करून टाकता आला असता. पण कॉइल दोन बोटं वर गेली की तो बदलतो. वाळू जरा कमी ओली लागली की बदलतो. एक लाट येऊन गेली की परत बदलतो. यंत्राला वाटतं, खाली काहीतरी आहे. आणि ते ओरडतं.

दोन समीकरणं, तीन अज्ञात

बाजारात मिळणारे बहुतेक डिटेक्टर व्हीएलएफ जातीचे असतात. ते काही किलोहर्ट्झची सलग साइन वेव्ह सोडतात आणि परत येणाऱ्या सिग्नलची फेज बघतात. फेजवरून अंदाज बांधता येतो की खाली लोखंडाचा खिळा आहे, ॲल्युमिनियमचा कागद आहे की चांदीचं नाणं. याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात आणि दुकानदार विकतो तो मुख्यतः हाच गुण.

आता किनाऱ्यावर या. वाळूत मॅग्नेटाइटसारखी काळी चुंबकीय खनिजं असतात. त्यांचा सिग्नल सोडलेल्या वेव्हच्या बरोबरीने येतो. खाऱ्या पाण्याचा सिग्नल त्याच्यापासून सुमारे ९० अंश फिरलेला असतो. धातूच्या वस्तूचा आणखी कुठल्यातरी वेगळ्या फेजवर. एका फ्रिक्वेन्सीवर यंत्राला मोजता येतात दोनच आकडे, एक बरोबरीचा आणि एक ९० अंशांचा. अज्ञात किती? काळी वाळू, मीठ आणि आपली वस्तू. दोन समीकरणं आणि तीन अज्ञात. एम-वनमध्ये नापास झालेलासुद्धा सांगेल की हे सुटणार नाही! मॅग्नेटाइट शून्य करा, मीठ उरतं. मीठ शून्य करा, मॅग्नेटाइट उरतं. दोन्ही शून्य केलं तर अंगठीही शून्य.

आपल्या कोकणात हे जास्तच जाणवतं. सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट आणि त्यातून लोहखनिजं झिजून नद्यांमधून किनाऱ्यावर येतात. रत्नागिरीच्या आसपासच्या वाळूत इल्मेनाइटचे साठे आहेत हे भूशास्त्रवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. रत्नागिरी शहरातच एका बाजूला 'पांढरा समुद्र' आणि दुसऱ्या बाजूला 'काळा समुद्र' म्हणतात तो वाळूच्या रंगामुळेच. पांढऱ्या वाळूवर जे यंत्र निमूट चालेल ते काळ्या ओल्या वाळूवर गोंधळ घालेल.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग, समीकरणं वाढवा. एकाच वेळी दोन किंवा जास्त फ्रिक्वेन्सी सोडल्या की प्रत्येकीचे दोन-दोन आकडे मिळतात. मॅग्नेटाइटचा प्रतिसाद सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखा, मिठाचा मात्र फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जाणारा. हा फरक वापरून दोन्ही वजा करता येतात आणि तरी वस्तूसाठी काहीतरी शिल्लक राहतं. मल्टिफ्रिक्वेन्सी डिटेक्टर म्हणतात ते हेच. काम छान करतात, पण त्यांच्या किमतीत आमच्या ग्रुपची एक वर्षाची मेसची बिलं निघतील. म्हणून आम्ही दुसऱ्या मार्गाने गेलो.

थांबा, मग ऐका

दुसऱ्या मार्गाचं नाव पल्स इंडक्शन. यात सलग वेव्ह नाहीच. कॉइलमध्ये शे-दीडशे मायक्रोसेकंद करंट सोडायचा आणि एकदम तोडायचा. कॉइल तीनचारशे व्होल्टची उसळी मारते आणि शांत होते. खाली धातू असेल तर त्यातले एडी करंट मात्र लगेच मरत नाहीत, हळूहळू विझतात. आपण थोडं थांबायचं आणि मग ऐकायचं.

खरी गंमत या थांबण्यात आहे. मॅग्नेटाइटच्या बारीक कणांत एडी करंट जवळपास नसतातच. पल्स संपली की त्याचा आवाज बंद. खाऱ्या पाण्यातले करंट लवकर विझतात. १० मायक्रोसेकंदांच्या आसपास ऐकलं तर मीठ अजून कुजबुजत असतं. १५-२० मायक्रोसेकंद थांबलं तर जवळपास गप्प होतं. जाड अंगठी किंवा नाणं तेव्हाही बोलत असतं. म्हणजे समुद्राचं बोलणं संपेपर्यंत धीर धरायचा, बस!

आमचं सर्किट अगदी साधं होतं. प्लास्टिकच्या थाळीवर २५ सेंटीमीटर व्यासाची, २२-२३ वेढ्यांची कॉइल, इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास. चालू-बंद करायला ४०० व्होल्टचा मॉसफेट, उसळीपासून ॲम्प्लिफायर वाचवायला दोन उलटसुलट जोडलेले १एन४१४८ डायोड, पुढे एनई५५३४ ऑप-ॲम्प, आणि थांबायची वेळ बदलायला एक नॉब. १२ व्होल्टची बॅटरी पाठीवरच्या सॅकमध्ये. कॉइलला ग्रॅफाइटचं शील्डिंग दिलं, कारण उघडी कॉइल ओल्या वाळूजवळ नेली की कपॅसिटन्समुळेच खोटा सिग्नल येतो. शील्डचं वर्तुळ पूर्ण जोडायचं नाही, एक फट ठेवायची. नाहीतर शील्ड स्वतःच एक मोठी अंगठी बनते!

पल्स इंडक्शनची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे लोखंड आणि सोनं यांतला फरक त्याला नीट सांगता येत नाही, त्यामुळे जे वाजेल ते सगळं उकरायचं. छंदवाल्याला हा त्रास वाटतो, पण काही ठिकाणी तर वाजलेलं काहीच सोडून चालत नाही. फॉकलंड बेटांवर १९८२च्या युद्धात किनाऱ्याच्या वाळूतसुद्धा सुरुंग पेरले गेले. ती बेटं सुरुंगमुक्त झाली तेव्हा नोव्हेंबर २०२० उजाडला होता. तिथे 'हे बाटलीचं झाकण असेल' म्हणून पुढे जाणं परवडत नाही. दुसरी किंमत आणखी बोचरी आहे, आणि ती आम्हाला प्रत्यक्ष बघावी लागली.

मंगळसूत्र का सापडत नाही?

आमच्या मेसच्या काकूंना तुम्ही सगळे ओळखता. यंदा जानेवारीत त्या माहेरच्या माणसांबरोबर समुद्रावर गेल्या होत्या. गुडघाभर पाण्यात उभ्या असताना मोठी लाट आली, भाचीला सावरताना मंगळसूत्र कशाततरी अडकून तुटलं आणि गेलं. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. तरी काकू ते घालत होत्या. कुणी त्यावरून बोललं तर त्या उत्तरच देत नसत. सोमवारी पोळ्या वाढताना त्यांचा गळा मोकळा दिसला म्हणून आम्ही विचारलं, तेव्हा हे कळलं. आमचं यंत्र तेव्हा लॅबच्या टेबलावर नुकतं वाजायला लागलं होतं. काकूंनी एवढंच विचारलं, "तुमच्या त्या मशीनला दिसंल काय गो?"

'हो' म्हणायच्या आधी आम्ही टेबलावर तपासून बघितलं. पार्टनरच्या बोटातली जाड अंगठी वीतभर अंतरावरून वाजली. माझी बारीक सोनसाखळी मात्र चार बोटांवरसुद्धा वाजेना, आणि थांबायची वेळ २० मायक्रोसेकंदांवर नेली तर अजिबातच नाही.

कारण समजून घ्या. एडी करंटला फिरायला बंद रस्ता लागतो. अंगठी म्हणजे करंटसाठी तयार रिंगरोड! साखळीत प्रत्येक कडी दुसरीला नुसती टेकलेली असते, तिथून करंट धड जात नाही. त्यामुळे यंत्राला दोन फूट साखळी दिसतच नाही, दिसतात त्या वेगवेगळ्या बारक्या कड्या, आणि त्यांतले करंट काही मायक्रोसेकंदांत विझतात. मंगळसूत्रात तर काळे मणी काचेचे, मधली तार बारीक आणि राहता राहिल्या दोन वाट्या, त्याही पातळ पत्र्याच्या. त्यांचा सिग्नल विझायची वेळ आणि खाऱ्या पाण्याचा सिग्नल विझायची वेळ जवळजवळ एकच. व्हीएलएफमध्ये बघितलं तरी तेच, पातळ सोन्याची फेज मिठाच्या फेजला चिकटून येते. म्हणजे मीठ गप्प करायचं म्हटलं की पातळ सोनंही गप्प होतं. आपल्याकडच्या किनाऱ्यावर बायकांचं जे सोनं सगळ्यांत जास्त जात असेल, तेच शोधायला सगळ्यांत अवघड!

हे सगळं काकूंना सांगितलं. वाट्या अगदी वर असल्या तरच दिसतील, नाहीतर नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा तरी."

किनारा वाचायला शिका

यंत्रापेक्षा महत्त्वाचं आहे ते कुठे आणि कधी शोधायचं. आधी 'कधी'. पाणी जास्तीत जास्त मागे जातं ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची जुनी युक्ती म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. युक्ती ढोबळ आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघावी. काकूंनी मात्र कोष्टक न बघता बोटांवर मोजून सांगितलं आणि वेळ जमली!

आता 'कुठे'. वाळूच्या कणाची घनता २.६५ असते, मॅग्नेटाइटची ५.२ आणि बावीस कॅरट सोन्याची १७ च्या वर. लाट वाळू हलवते तेव्हा हलकी वाळू वाहून जाते आणि जड वस्तू खाली खाली बसत जाते, कडक थर लागेपर्यंत. म्हणून वादळानंतर किंवा मोठ्या उधाणानंतर जिथे वाळू कापली जाऊन लहानशी पायरी तयार होते, तिथे आधी बघायचं. ओल्या वाळूवर काळ्या रेघोट्या दिसतात ना? तिथे समुद्राने जड कण वेगळे काढलेले असतात. जड वस्तू मिळण्याची शक्यता तिथेच जास्त, आणि काळ्या वाळूचा त्रासही तिथेच जास्त.

चालायची पद्धत पण आहे. पाण्याच्या रेषेला समांतर चालायचं, म्हणजे कॉइलखालची ओल साधारण सारखी राहते. कोरड्याकडून ओल्याकडे कॉइल फिरवली की प्रत्येक वेळी खोटा सिग्नल. कॉइल वाळूपासून सारख्या उंचीवर, हळू, आणि मागच्या झोतावर अर्धा झोत चढवत फिरवायची. यंत्र फार बडबडत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करायची. शांत आणि थोडं कमी खोल बघणारं यंत्र हे खोल बघणाऱ्या पण बडबड्या यंत्रापेक्षा बरं. लाट जिथे येऊन जाऊन करतेय त्या पट्ट्यात व्हीएलएफ घेऊन जाऊच नये.

तीन संध्याकाळी

अमावास्या आणि तिच्या पुढचे दोन दिवस आम्ही गेलो. दोऱ्या बांधून पट्टे पाडले. एक जण यंत्र घेऊन, दोघं खुरपं आणि चाळण घेऊन, एक जण फक्त समुद्राकडे लक्ष ठेवून. काय काय सापडलं? बाटल्यांची झाकणं, गळ, शिशाच्या गोळ्या, छत्रीची काडी, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, रुपयाची नाणी. (आपलं एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, लोहचुंबकाला चिकटतं. त्यामुळे डिस्क्रिमिनेशन लावलेलं यंत्र त्याला लोखंडी भंगार समजू शकतं.) तिसऱ्या संध्याकाळी सूर्य टेकताना एक स्वच्छ, ठाम सिग्नल आला. कोपराएवढं खोल उकरलं. चाळणीत एक अंगठी होती. सोन्याची, जाड, पुरुषाच्या मापाची, आत दोन अक्षरं कोरलेली.

मंगळसूत्र मिळालं नाही. वाट्याही नाहीत.

परतताना एस.टी.त आमच्यात जोरात भांडण झालं. एकाचं म्हणणं, ही अंगठी काकूंनाच देऊन टाकू. त्यांचं गेलं, समुद्राने दुसरं दिलं, हिशेब पूर्ण. दुसऱ्याचं म्हणणं, मशीनच्या खर्चाचे पैसे काढून उरलेले काकूंना. खरं सांगायचं तर दोन्ही ऐकायला वाईट वाटत नव्हतं. रात्री मेसमध्ये काकूंसमोर अंगठी ठेवली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाल्या, "नको गो बाय. कुणाची तरी हाय ती. माझं गेलं तेव्हा माझ्या पोटात जसा खड्डा पडला, तसा त्या घरात पण पडला असंल. ज्याची हाय त्याला शोधा." आणि पातेलं उचलून आत गेल्या. भांडण तिथेच संपलं.

कायदा काय म्हणतो?

मग वाचलं, तेव्हा कळलं की कायदा पण साधारण काकूंसारखंच बोलतो! 'समुद्राने दिलं ते माझं' असं कायद्यात नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७१ प्रमाणे हरवलेली वस्तू सापडून ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी येते. भारतीय न्याय संहिता २०२३, कलम ३१४ (पूर्वीच्या दंडसंहितेचं ४०३) प्रमाणे मालक शोधायचा योग्य तो प्रयत्न न करता वस्तू आपली म्हणून वापरणं हा गुन्हा ठरू शकतो.

जुना, दडवलेला ठेवा सापडला तर गोष्ट वेगळी. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२चा पुरावशेष कायदा आडवा येतो. आपल्या किनाऱ्यावर जलदुर्ग कितीतरी आहेत. संरक्षित किल्ल्याच्या परिसरात डिटेक्टर आणि खुरपं घेऊन जायचा विचारही नको. इतर किनाऱ्यावर जाण्यापूर्वीसुद्धा ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना सांगून जावं. आम्ही कॉलेजचं पत्र बरोबर ठेवलं होतं.

आम्ही अंगठी स्थानिक पोलीस ठाण्यात जमा केली आणि पोच घेतली. किनाऱ्यावरच्या नारळपाणीवाल्यांकडे आणि हॉटेलांत चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीत फक्त 'सोन्याची वस्तू सापडली आहे' एवढंच लिहिलं. अंगठी आहे, आत अक्षरं आहेत, हे लिहिलं नाही. खरा मालक ते स्वतःच सांगेल. हा लेख लिहीपर्यंत कुणी आलेलं नाही.

हे करू नका

हेडफोन लावून समुद्राकडे पाठ करू नका. उधाणाचं पाणी मागे जातं तेवढंच पुढेही येतं आणि लाटेचा आवाज हेडफोनमध्ये येत नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा, कारण संध्याकाळी तिथे लहान मुलं धावतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं हात-दीड हात खोल असतं आणि वरून ओळखू येत नाही. कासव आणि त्याची अंडी यांना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, त्यामुळे तिथे भरतीरेषेच्या वरच्या वाळूत खुरपं घालायचंच नाही. गंजलेलं, नळकांड्यासारखं काही लागलं तर हात न लावता मागे या आणि ११२ ला फोन करा. आणि घरी आल्यावर कॉइल, दांडा, खुरपं सगळं गोड्या पाण्याने धुवा. मीठ सोल्डरिंगला कसं खातं ते लॅबवाल्या सरांना विचारा!

तुमचं काही हरवलं तर

आमचं यंत्र आता लॅबच्या कपाटात आहे आणि सरांच्या परवानगीने मिळेल. पण यंत्रापेक्षा तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत काय करता यावर जास्त अवलंबून आहे. म्हणून हे एवढं लक्षात ठेवा.

एक, जागेवरच थांबा आणि सगळ्यांना थांबवा. चार जणांनी पायाने वाळू ढवळली की वस्तू आणखी खाली जाते. दोन, जागेची खूण घ्या. कोळी लोक समुद्रात जागा लक्षात ठेवायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात. तसंच करा. एका बाजूला माड आणि त्यामागचं घर, दुसऱ्या बाजूला खडक आणि त्यामागचा डोंगर. मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, पण ते चार-पाच मीटर इकडेतिकडे असू शकतं, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटोही काढा. तीन, घड्याळ बघा आणि पाणी कुठपर्यंत होतं ते लिहून ठेवा, म्हणजे पुढची योग्य ओहोटी काढता येईल. चार, वस्तू कसली आहे ते नीट सांगा. अंगठी असेल तर आशा बरीच आहे, साखळी असेल तर लवकर या. आणि पाच, समुद्रावर जाताना सोनं हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवा.

पुढच्या सेमिस्टरला आम्ही थांबायची वेळ ८ मायक्रोसेकंदांपर्यंत खाली आणून, एकाच पल्सनंतर दोन-तीन वेळा ऐकायचं आणि मिठाचा वाटा गणिताने वजा करायचा, असं करून बघणार आहोत. समीकरणं वाढवायची, तेच तत्त्व. त्यासाठी एंबेडेडमधलं कळणारा एक ज्युनियर हवा आहे. लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला किंवा ई अँड टीसीची प्रोजेक्ट लॅब, संध्याकाळी पाचनंतर. पहिली टेस्ट कसली घ्यायची ते ठरलेलं आहे. काचेचे काळे मणी, बारीक तार आणि दोन पातळ वाट्या.